नावं विसरलेल्या माणसाचं दुकान

२ सप्टेंबर, सोमवार

बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलंय, आमच्या यांनी दिवसभरात कोणते शब्द बरोबर म्हटले आणि कोणते चुकले ते रोज लिहून ठेवायचं. म्हणून ही वही. आज बरोबर म्हटलेले शब्द: "नको." चुकलेले: बाकी सगळे. झालं लिहून. पान उरलंय तर थोडं माझंही लिहिते, कागद वाया कशाला घालवायचा.

उन्हाळ्यात यांना मेंदूचा झटका आला. अल्लाहची मेहरबानी, हातपाय वाचले, उजवा हात जरा ढिला आहे तेवढंच. आपण बोललेलं सगळं समजतं. पण वस्तूंची नावं गेली. चहा हवा असला की म्हणतात "कानस", लोखंड घासायची ती. चष्म्याला म्हणतात "बादली". आणि मला म्हणतात "पाना". हो, नट आवळायचा तो पाना. लग्न झाल्यापासून कधी नाव घेऊन हाक मारली नाही, "ऐकतेस का" यावरच सगळा संसार झाला, आणि आता नाव ठेवलं तर हे. ताईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "काका, या कोण?" तर अगदी लाडानं हसून म्हणाले, "पाना." ताई म्हणाल्या, मनावर घेऊ नका. मी म्हटलं, मनावर कशाला घेऊ, पण निदान हातोडी तरी म्हणायचं, जरा वजन असतं तिला.

उद्या यांचं तेव्हापासून बंद असलेलं दुकान उघडायचं. लोखंडी सामान, नळ, रंग, खिळेमोळे. चालवणार कोण, तर मी. जिला बिजागरी कुठली आणि कोयंडा कुठला हे काल कळलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

आंधळ्या-लंगड्याची जोडी म्हणतात ती आमची. मला बोलता येतं पण वस्तू कळत नाहीत, यांना वस्तू कळतात पण बोलता येत नाही. पुढे गल्ल्यावर मी बसते, हे मागच्या सामानाच्या खोलीत. गिऱ्हाईक काय मागतं ते मी मोठ्यानं मागे सांगते, हे तिथून वस्तू काढतात आणि उंबऱ्यावर आणून ठेवतात. पुढे मात्र यायचं नाव नाही. पहिल्याच दिवशी एक जण यांचा शब्द ऐकून हसला. तेवढ्यानं तोंडाला कुलूप. मशिदीतही जात नाहीत. कुणी सलाम केला आणि जीभ भलतीकडेच वळली तर काय, म्हणून घरीच नमाज पढतात, तीही ओठ मिटून. आत काय चाललंय ते अल्लाहलाच ठाऊक.

आमचा रोजचा नळकारागीर, त्याला सगळे घाईवाला म्हणतात. त्याचा एक पाय कायम दुकानाबाहेर असतो. तो म्हणाला, "काकू, पाऊण इंची एल्बो." मला वाटलं कोपराला लावायचं काही औषध मागतोय. मी म्हटलं, अरे बाबा, मेडिकल पलीकडे आहे. तोवर यांनी उंबऱ्यावर वाकडा पाइप आणून ठेवलाही होता. मागून हसण्याचा आवाज आला. महिन्यांनी ऐकला. माझ्या अज्ञानाचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

९ सप्टेंबर, सोमवार

लेक पोटुशी आहे, दिवस भरत आलेत. आज फोनवर म्हणाली, "अम्मी, बाळाच्या कानात अजान अब्बाच देणार हं. मी दुसऱ्या कुणाला देऊ देणार नाही."

घरातल्या प्रत्येक लेकराच्या कानात यांनीच अजान दिली आहे. माझ्या लेकीच्या, दिरांच्या मुलांच्या, शेजारणीच्या नातवाच्यासुद्धा. उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत, म्हणजे नमाज उभी राहताना देतात ती छोटी हाक. माणूस जगात आला की आईच्या दुधाच्याही आधी त्याला सांगायचं, बाबा रे, तू कुणाचा आणि कशासाठी आलास. हे इतक्या हळू सांगायचे की बाळ रडायचं थांबून ऐकायचं.

मी लेकीला म्हटलं, बघू. दुसरं काय म्हणणार. चहाला कानस म्हणणारा माणूस अजान कशी देणार? मध्येच "बादली" म्हणाले तर? चारचौघांत? त्यांच्या काळजाचं पाणी होईल, आणि माझ्याही.

ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लहानपणापासून पाठ असलेलं कधी कधी आपोआप येतं, नावं येत नाहीत तेव्हासुद्धा. पण मध्येच अडलं की पुढचं टोक सापडत नाही. तेव्हा कुणीतरी पुढचा शब्द सुरू करून द्यायचा, की गाडी पुन्हा चालते. मी संध्याकाळी यांना म्हटलं, चला, म्हणून दाखवा एकदा. हे उठले आणि नळ गळतोय का बघायला गेले. नळ गळत नव्हता.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवारी दुपारी आपांकडे आम्ही बायका जमतो. आपा शाळेत शिकवायच्या, आता घरी बसून आम्हाला दीनचं, धर्माचं शिकवतात आणि जाता जाता आमचं हस्ताक्षरही सुधारतात. आजचा विषय, अल्लाहनं माणूस का बनवला.

आपांनी सांगितलं ते असं. अल्लाहनं फरिश्त्यांना सांगितलं की मी जमिनीवर माझा नायब ठेवणार आहे. फरिश्ते म्हणाले, हा तर तिथं खूनखराबा करील, तुझी स्तुती करायला आम्ही आहोत की. अल्लाह म्हणाला, मला जे माहीत आहे ते तुम्हाला नाही. मग त्यानं आदमला सगळ्या वस्तूंची नावं शिकवली. फरिश्त्यांना विचारलं, सांगा नावं. त्यांना येईनात. आदमनं सांगितली. मग फरिश्ते आदमपुढे झुकले.

बाकीच्या बायका माशाल्ला माशाल्ला करत होत्या. मी विचारलं, "आपा, आणि एखाद्याची नावंच गेली तर? तर तो कोण राहतो?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. त्यांना ठाऊक होतं मी कुणाबद्दल विचारतेय. आपांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "पटकन काहीतरी सांगून तुला गप्प करता येईल, पण तसं नको. मी वाचून सांगते."

घरी आले तर यांनी माझी चप्पल शिवून ठेवली होती. तुटलीय हे मी कुणाला बोललेही नव्हते. सुंदर शिवलीय, ढिल्या हातानं. मी मात्र दिवसभर तोच विचार करतेय, नावं गेलेला माणूस कोण राहतो म्हणून.

१६ सप्टेंबर, सोमवार

आज व्याही आले होते. माणूस सोन्यासारखा, पण आवाज असा की कपाटातल्या बरण्या वाजतात. जावईसुद्धा त्यांना मागून लाउडस्पीकर म्हणतो. ते म्हणाले, "विहीणबाई, अजिबात काळजी करू नका. बाळाच्या अजानचं मी बघतो. व्याह्यांवर भार नको."

मनानं चांगलंच म्हणाले. आणि मला कसं हायसं वाटलं ते मीच जाणे. लेकीला लगेच फोन लावला, म्हटलं, तुझ्या सासऱ्यांनाच देऊ दे गं, अब्बांना जमायचं नाही, उगाच चारचौघांत शोभा. फोन ठेवला आणि वळले, तर हे दारात उभे. हातात माझ्यासाठी चहाचा कप.

कप ठेवला आणि आत गेले. जेवणाला "नको" म्हणाले. तो एकच शब्द बरोबर येतो, आणि तोच माझ्या वाट्याला. मी चूक केली का? त्यांना जपायलाच केलं ना. पण विचारायला पाहिजे होतं. माणूस बोलत नाही म्हणून त्याला विचारायचंही नाही, हा कुठला न्याय?

२० सप्टेंबर, शुक्रवार

अबोला संपला. तोंडातून शब्द येत नसताना अबोला धरणं म्हणजेही कसरतच, पण यांनी छान धरला होता. आज स्वतःहून "पाना" म्हणाले. मी ओ दिली. दुकानात घाईवाला उभा होता, त्यानं लगबगीनं भिंतीवरचा पाना काढून यांना नेऊन दिला. हे मान हलवून माझ्याकडे बोट दाखवतात, तो दुसऱ्या मापाचा आणतो. तीन पाने झाल्यावर मी म्हटलं, "अरे, तो पाना मी आहे." घाईवाला पहिल्यांदाच दोन्ही पाय दुकानात ठेवून हसला. हेही हसले. कुणी हसलं म्हणून आपण मरत नाही, हे कळलं असेल तर बरं.

एक नवीन खूळ मात्र लागलंय. मागच्या खोलीत पाण्याच्या मऊ नळीचा हातभर तुकडा कापून ठेवलाय. एक टोक ओठांना लावतात आणि दुसरं आपल्याच कानाला, आणि ओठ हलवत बसतात. आधी उजव्या कानाला बराच वेळ, मग डाव्या कानाला थोडा वेळ. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "करवत." नळीला भोक पडलंय का ते तपासत असणार. एवढी काळजी. पंधरा रुपयांची नळी, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. आणि मी गेले की लगेच खाली ठेवतात, जसं काही मी रागावणार आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आपांनी उत्तर आणलं. दोन गोष्टी सांगितल्या.

एक, आदमला आधी मातीतून घडवलं, मग त्याच्यात रूह, म्हणजे प्राण फुंकला, नावं नंतर शिकवली. "नावं तिसरी आली," आपा म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या पहिल्या दोन गोष्टींना हात लागलेला नाही. आणि ज्या आदमला सगळं शिकवलं, तेही विसरलेच की. विसरणं आपल्या मातीतच आहे, त्यानं कुणी माणूसपणातून उठत नाही."

मला यांनी शिवलेली चप्पल आठवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं माझं.

दुसरी गोष्ट. आपांनी कुराणातली एक आयत वाचली. अल्लाह म्हणतो, जिन्न आणि माणूस मी फक्त माझ्या इबादतीसाठी, माझ्या भक्तीसाठी बनवले. मी म्हटलं, "आपा, मग माझं काही खरं नाही. सकाळपासून वॉशर मोजायचे, यांना शब्द आठवून द्यायचे, घरी येऊन भाकरतुकडा बघायचा. नमाज होते कशीबशी. बाकी इबादतीला वेळ कुठून आणू?" आपा म्हणाल्या, "याच्या आधीची ओळ वाच." मी वाचली. अर्थ असा की आठवण करून देत जा, आठवण करून दिल्यानं भलं होतं. आपांच्या मनात काहीतरी होतं खरं, पण चहा आला आणि राहून गेलं. पुढच्या वेळी विचारीन.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज काही विशेष नाही, पण बरं वाटतंय म्हणून लिहिते.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा ऊन सरळ रंगाच्या डब्यांवर पडलं होतं. यांनी शिडीवर चढू नये असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून हे शिडी धरतात आणि मी चढते. वरून मी वस्तू दाखवून विचारते, "हे काय?" यांना आलं नाही तर मी पहिलं अक्षर देते. "प..." "पक्कड." "ओ..." "ओळंबा." आज सोळा शब्द आले, त्यांतले सहा माझ्या मदतीशिवाय. आणि मला सगळे आले, हेही कुणीतरी लिहायला पाहिजे, म्हणून मीच लिहिते. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायचा दोरीला बांधलेला लोखंडी गोळा. या वयात मी ओळंबा शिकले. शाळेत गणिताच्या बाई म्हणायच्या, हिच्या डोक्यात काही शिरणार नाही. त्यांना बोलावून दाखवावंसं वाटलं.

दुपारी गर्दी झाली तेव्हा हे स्वतःच पुढे येऊन गल्ल्यापाशी उभे राहिले. मी बघितलं नाही असं केलं. बघितलं असतं तर परत आत गेले असते.

घरी येताना वाटलं, आम्ही दोघं मिळून एक दुकानदार होतो खरा. तक्रार करायला जागा नाही. म्हणजे करते, सवय आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नात झाली. पहाटेच लेकीला दवाखान्यात नेलं, दुपारी बाळ झालं. दोघी ठणठणीत. नाक आमच्याकडचं आहे, बिचारीला पुढे कळेल.

आता झालं काय ते नीट लिहिते, कारण विसरायचं नाहीये.

खोलीत लेक पलंगावर, जावई उशाशी, व्याही, विहीण, मी आणि हे. हे कोपऱ्यात भिंतीला टेकून. नर्सनं बाळ गुंडाळून आणलं. व्याह्यांनी टोपी नीट केली, घसा साफ केला, हात पुढे केले. ठरल्याप्रमाणेच. मीच ठरवलेलं. तेवढ्यात कोपऱ्यातून हे पुढे आले आणि त्यांनीही हात पुढे केले. डावा स्थिर, उजवा ढिला. माझ्याकडे बघत होते.

नर्स मध्ये उभी, कुणाला द्यायचं कळेना. लेकीचे डोळे भरले. चुकले, अडले, तर पुन्हा त्या मागच्या खोलीतून हा माणूस बाहेर येणार नाही, हे मला दिसत होतं. तरी मी म्हटलं, "यांच्याकडे द्या." आणि उजव्या हाताखाली माझा हात धरला.

हे बाळाच्या उजव्या कानाशी वाकले. आणि अजान सुरू झाली. अल्लाहू अकबर. स्वच्छ. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तीच जुनी हळू अजान, माझ्या लेकीच्या कानात दिली होती तशी. विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. साक्षीची वाक्यं झाली. नमाजकडे या, हेही दोनदा झालं. आणि थांबले.

पुढचं येईना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. गळ्याची शीर वर आली. व्याही जवळच होते, त्यांना पाठ होतं, त्यांनी तोंड उघडलंही, आणि माझ्याकडे बघून मिटलं.

मी आयुष्यात अजान दिलेली नाही. पण रोज पाच वेळा ऐकली आहे, लहान होते तेव्हापासून. मी यांच्या कानाशी वाकले आणि पुढचं हळूच सुरू करून दिलं. हय्या अलल... बस, तेवढंच. यांनी ते घेतलं, पुरं केलं, आणि बाळाच्या कानात सांगितलं. हय्या अलल-फलाह. या, भल्याकडे या. मग शेवटपर्यंत कुठं अडलं नाही. डाव्या कानातली इकामत तर एका दमात.

माझ्या तोंडून यांच्या कानात, यांच्या तोंडून तिच्या कानात. बाळ रडायचं थांबलं होतं, आता हे रडत होते.

व्याह्यांनी यांना मिठी मारली. म्हणाले, "माझा आवाज मोठा आहे हो, पण बाळाचा कान केवढासा." हे त्यांनी इतक्या हळू आवाजात म्हटलं की जावई बघतच राहिला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दुकान पुन्हा सुरू. शुक्रवारी हे मशिदीत गेले होते. कुणीतरी सलाम केला, यांनी उत्तर दिलं, ते बरोबर की चूक हे विचारलं तर खांदे उडवले. म्हणजे चुकलंच असणार, आणि म्हणजे फरक पडला नसणार.

तो नळीचा तुकडा नात झाल्यापासून तसाच पडलाय, यांनी परत हात लावला नाही. झाली वाटतं तपासणी. मी कुंड्यांना पाणी घालायला घरी नेला. चांगला आहे, कुठं भोक नाही.

ताई म्हणाल्या, नावं हळूहळू येतील, काही येणारही नाहीत, तयारी ठेवा. मी म्हटलं, ठेवली. आजचे बरोबर शब्द: बिजागरी, दोरी, नात. हो, नात म्हणतात, अगदी स्पष्ट. चुकलेले: चहाला अजून कानसच.

दुपारी मी रस्त्याच्या पलीकडे सुट्टे आणायला गेले होते. मध्ये गाड्यांचा गोंगाट. दुकानाच्या दारात गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभं राहून यांनी मोठ्यानं हाक मारली, सगळ्या रस्त्यानं ऐकावी अशी, "पाना!" लोक वळून बघायला लागले. घाईवाला आत पळाला आणि सगळ्यांत मोठा पाना घेऊन आला.

नावं ज्यानं शिकवली, त्याला ठाऊक आहे हे कुणाला बोलावतायत. मलाही ठाऊक आहे. मी तिथूनच ओ दिली आणि रस्ता ओलांडला.